सात सिटा, एक इंजिन आणि बाथरूममधला वजनकाटा

थँक्सगिव्हिंगच्या चार दिवस आधी डॉक्टरांचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला, "सगळ्यांची खरी वजनं पाठवा. बूट आणि जॅकेट घालून. बॅगा वेगळ्या करा." आईने मेसेज वाचला आणि म्हणाली, हे काय, पैलवान निवडतायत का? मी म्हटलं आई, जेटमधून जायचंय ना, मग काट्यावर उभं राहावंच लागेल. तर हा रिव्ह्यू त्या जेटचा. सिरस कंपनीचं व्हिजन जेट, कागदोपत्री नाव एसएफ५०, दुसरी पिढी म्हणजे जी२. डॉक्टर आमच्या मंडळातले, हृदयाचे डॉक्टर, इथे शिकागोच्या उपनगरात राहतात आणि हे विमान त्यांनी एका पार्टनरबरोबर सेकंडहँड घेतलंय. मी स्वतः शनिवार-रविवार क्लबचं सेसना १७२, म्हणजे चार सिटांचं छोटं पंख्याचं विमान उडवतो, म्हणजे विमानातलं थोडंफार कळतं पण जेटचं लायसन्स वगैरे नाही. शिकागोहून ऑर्लँडोला मावशीकडे जाताना पुढे उजव्या सीटवर बसलो, येताना मागे. दोन्ही बाजूंनी बघून लिहितोय.

आधी हे कुठल्या जातीचं विमान ते सांगतो, कारण प्रायव्हेट जेट म्हटलं की लोकांना पांढरा लेदरचा सोफा आणि हातात ग्लास दिसतो. ते नाही हे. व्हेरी लाइट जेट म्हणजे साधारण १०,००० पाउंडांच्या आतलं, एकाच पायलटला उडवता येईल असं जेट. व्हिजन जेटचं तर टेकऑफचं जास्तीत जास्त वजन ६,००० पाउंड, म्हणजे २,७०० किलोच्या आसपास, एखादी मोठी पिकअप गाडी असते तेवढंच. लांबी ३१ फुटांच्या आत. हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, शेजारी एक मोठं बिझनेस जेट उभं होतं, त्याच्यापुढे आमचं म्हणजे ट्रकशेजारी लावलेली नॅनो.

दिसायला सुंदर म्हणणार नाही, गोंडस आहे. पुढून फुगीर, शेपूट व्ही आकाराची, आणि इंजिन एकच, ते पाठीवर. माझ्या बायकोने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली याच्या पाठीवर कोणी गॅस सिलिंडर बांधलाय का. अगदी तसंच दिसतं. पण ते तिथे का आहे ते समजलं की मजा येते. एकच इंजिन ठेवायचं ठरलं की ते मध्यरेषेवर हवं, पोटात घातलं तर सामानाची आणि माणसांची जागा खाणार, मग उरली पाठ. पाठीवर ठेवलं की मागे गरम धुराचा झोत, त्यात सरळ उभी शेपूट ठेवता येत नाही, म्हणून शेपटीचे दोन भाग करून व्ही केला आणि झोत मधून जाऊ दिला. शिवाय इंजिन इतकं वर असलं की पॉवर वाढवली की नाक खाली ढकललं जातं, त्यासाठी मागचा पाइप थोडा वरच्या बाजूला वळवलाय. म्हणजे एका निर्णयाच्या मागे चार निर्णय आलेत, आणि ते चारही तुम्हाला बाहेरून उभ्या उभ्या दिसतात. मला डिझाइन म्हणून ही गोष्ट फार आवडली. इंजिन विल्यम्स कंपनीचं एफजे३३. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये याला अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं, एफएएचं, सर्टिफिकेट मिळालं, आणि एका इंजिनाचं सिव्हिल जेट सर्टिफाय होऊन बाजारात आलं ते हे पहिलंच.

आता आत जायचं. दार एकच, डाव्या बाजूला, वरचा अर्धा भाग वर उघडतो आणि खालचा खाली, त्यालाच पायरी. आई ७१ वर्षांची, गुडघे कुरकुरणारे, मला वाटलं आता इथेच अर्धा तास जाणार. पण पुढची सीट सरकली आणि आई रिक्षात बसतात तशी आधी बूड टेकून मग पाय आत घेऊन बसली सुद्धा. आत ताठ उभं मात्र कुणालाच राहता येत नाही, उंची चार फुटांच्या किंचित वर, रुंदी पाच फूट. रुंदीला मोठ्या एसयूव्हीइतकं ऐसपैस वाटतं. खिडक्या मोठ्या, एअरलाइनच्या खिडकीसारखं मान वाकडी करून बघावं लागत नाही. माझी लेक सगळ्यात मागे, तिथल्या सिटा मुळातच पोरांसाठी आहेत, मोठ्या माणसाने तिथे हौसेने बसू नये. सात सिटा हा आकडा जाहिरातीत बरोबर आहे पण तो पाच मोठे आणि दोन लहान असा वाचायचा.

आणि तोही अर्धाच खरा, कारण खरा खेळ वजनाचा.

हे जरा सविस्तर सांगतो कारण विकत घेणारे सोडा, नुसतं यूट्यूबवर बघणारे सुद्धा इथेच फसतात. डॉक्टरांच्या विमानाचं रिकामं वजन वजा केलं की माणसं, सामान आणि इंधन सगळं मिळून साधारण २,४०० पाउंड उरतात. टाकी फुल म्हणजे २९६ गॅलन, ते झाले जवळजवळ २,००० पाउंड. उरले चारशे. म्हणजे टाकी फुल केली तर दोन माणसं आणि त्यांच्या दोन बॅगा, बास. बाकीच्या पाच सिटांवर जाकिटं ठेवा. आम्ही सहा जण, बॅगांसकट ९८० पाउंड झालो (कुणाचं किती ते विचारू नका, घरात शांतता हवी आहे), मग इंधनाला उरले १,४२० पाउंड, म्हणजे २१० गॅलन. त्यातून राखीव ठेवायचं ते बाजूला काढलं की हातात दोन-सव्वादोन तास. शिकागो एक्झिक्युटिव्ह एअरपोर्टपासून ऑर्लँडो एक्झिक्युटिव्ह एअरपोर्टपर्यंत पावणेनऊशे नॉटिकल मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटरच्या आसपास. विमानाचा वेग ३०० नॉट्सच्या आसपास, म्हणजे तासाला तेवढे नॉटिकल मैल. करा हिशोब, मध्ये थांबावंच लागतं.

डॉक्टर टेबलावर वही घेऊन हा हिशोब करत होते आणि तेवढ्यात आईने पिशवीतून खलबत्ता काढला. लोखंडी. ऑर्लँडोच्या मावशीसाठी सोलापूरहून आणलेला, म्हणे तिकडच्या मिक्सरमध्ये वेलदोडा नीट कुटला जात नाही. काट्यावर ठेवला, ११ पाउंड. मी म्हटलं आई अगं काय हे. डॉक्टरांनी शांतपणे वहीत लिहिलं आणि म्हणाले, "राहू द्या. खलबत्ता म्हणजे दीड मिनिट." म्हणजे ११ पाउंड इंधन कमी भरायचं, आणि तेवढं इंधन हे इंजिन दीड मिनिटात पितं. तासाला ६०-७० गॅलन धरा. त्यानंतर आख्ख्या ट्रिपमध्ये आम्ही सगळ्या वस्तू मिनिटांतच मोजत होतो. बायकोची बुटांची बॅग दोन मिनिटं, माझा लॅपटॉप चार्जरसकट एक मिनिट सुद्धा नाही.

उडवायला हे विमान म्हणजे, काय सांगू, लोण्यासारखं. इंजिन चालू करायला एक नॉब फिरवायचा, पुढचं सगळं कॉम्प्युटर बघतो. समोर गार्मिनचे मोठे स्क्रीन, खाली टचस्क्रीन, डाव्या हाताशी छोटी साइडस्टिक, मध्ये ते जुन्या विमानासारखं जू, म्हणजे स्टीअरिंगसारखा दांडा, नाही त्यामुळे पाय मोकळे. जी२ ला ऑटोथ्रॉटल आहे, म्हणजे वेग सांगितला की पॉवर आपोआप कमीजास्त होते. मी १७२ मध्ये जेवढी खटपट करतो त्याच्या निम्मी सुद्धा डॉक्टर करत नव्हते, आणि ३१,००० फुटांवर जाऊन बसलो. हे विमान मुळात सिरसचंच एसआर२२ हे छोटं पंख्याचं विमान असलेल्या गिऱ्हाइकासाठी आहे, जो स्वतः उडवतो, पैसेवाला आहे आणि आता जेट हवंय पण पगारी पायलट नकोय. म्हणूनच एक इंजिन. दोन असली तर एक बंद पडल्यावर विमान वाकडं पळतं ते सावरायचा सराव लागतो, रविवारच्या पायलटचा तिथेच घात होतो. एक असेल तर तो प्रश्न नाही. दुसरा मोठा प्रश्न आहे अर्थात, की तेच बंद पडलं तर.

त्याला उत्तर आत, डोक्यावरच्या छताला. एक लाल हँडल, ओढलं की नाकातून आख्ख्या विमानाचा पॅराशूट बाहेर येतो. जेटचा वेग जास्त म्हणून हँडल ओढल्यावर विमान आधी आपला वेग कमी करून घेतं आणि मग छत्री उघडते. हे नुसतं ब्रोशरमध्ये नाही, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये फ्लोरिडात किसिमीजवळ वादळी हवेत एका व्हिजन जेटने तो खरंच वापरला आणि आतले तिघंही जिवंत बाहेर आले. आणि दुसरं म्हणजे लाल बटण, सेफ रिटर्न, २०२० पासूनचं. पायलटला काही झालं तर प्रवाशाने ते दाबायचं, मग विमान स्वतः जवळचा योग्य एअरपोर्ट निवडतं, रेडिओवर कंट्रोलला सांगतं, उतरतं, ब्रेक लावतं आणि इंजिन बंद करतं. डॉक्टरांनी निघायच्या आधी सगळ्यांना दाखवलं, म्हणाले मला काही झालं तर घाबरायचं नाही, हे दाबायचं. आईने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला काही होणार नाही हो, पण दाबून धरायचं की नुसतं दाबायचं?" डॉक्टर म्हणाले आजपर्यंत माझ्या एकाही पॅसेंजरने इतका मुद्द्याचा प्रश्न विचारला नाही.

एक गोष्ट लपवत नाही, २०१९ च्या एप्रिलमध्ये ही सगळी विमानं काही दिवस जमिनीवर होती, अँगल ऑफ अ‍ॅटॅक (पंख हवेला भिडतो तो कोन) मोजणाऱ्या सेन्सरमुळे, एफएएचा तातडीचा आदेश होता. सेन्सर बदलले आणि परत उडायला लागली. डॉक्टरांनी घेताना त्याचे कागद आधी बघितले, तुम्हीही बघा.

टॉयलेट. सगळे विचारतात म्हणून सांगतो. दार लावून बसता येईल असं टॉयलेट यात नाही. वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, विमानात चढायच्या आधी जाहीर केलं, आत्ता जाऊन या, पुढे पावणेदोन तास सोय नाही. आणि इथेच बाकीच्या भावंडांशी तुलना करावी लागते. सेसनाचं सायटेशन मस्टँग (२००६ ला सर्टिफाय, २०१७ ला बंद) त्यात दाराजवळ पडद्यामागे एक इमर्जन्सीपुरती सीट होती, वापरणाऱ्याला आणि बाकीच्यांना सारखीच लाज. एम्ब्रेअर फिनॉम १०० आणि होंडाजेट यांच्यात मागे बंद दाराचं टॉयलेट आहे, पण ते दोघंही १०,००० पाउंडांच्या जरा वर जातात, म्हणजे व्हेरी लाइट म्हणायचं की नुसतं लाइट यावर हँगरमध्ये चहा पिताना वाद घालता येतो. टॉयलेट हवं तर विमान मोठं होतं, मोठं झालं की इंजिनं दोन, मग किंमत साधारण दुप्पट.

होंडाजेट बघितलंय का कुणी जवळून? मी एकदा एअर शोमध्ये बघितलं. इंजिनं शेपटीजवळ नाहीत, पंखांच्या वर खांबावर उभी केलीत. मिचिमासा फुजिनो नावाच्या होंडाच्या इंजिनिअरने १९९७ मध्ये रात्री सुचलं तसं कॅलेंडरच्या मागच्या कागदावर त्याचं चित्र काढलं होतं, आणि सर्टिफिकेट मिळेपर्यंत २०१५ चा डिसेंबर उजाडला. अठरा वर्षं! आपल्याकडे एवढ्यात पोरगं कॉलेजला जातं. फायदा असा की इंजिनाचा सांगाडा मागच्या पोटातून जात नाही, त्यामुळे तिथे सामानाची आणि टॉयलेटची जागा मिळाली आणि आवाजही केबिनपासून लांब गेला. वेग ४२२ नॉट्स, उंची ४३,००० फूट. कागदावर व्हिजन जेट त्याच्यापुढे सायकल आहे. पण होंडाजेट मालकाने स्वतः उडवायला जास्त तयारी मागतं, जास्त वेगाने उतरतं, धावपट्टीही जास्त लागते.

आणि या सगळ्यांच्या आधीचा तो मोठा पोपट, एक्लिप्स ५००. नव्या पोरांना माहीत नसेल. व्हर्न रेबर्न, मायक्रोसॉफ्टमधून आलेला माणूस, १९९८ मध्ये कंपनी काढली, आठ-साडेआठ लाख डॉलरमध्ये दोन इंजिनांचं जेट देतो म्हणाला, आणि लोकांनी रांगा लावल्या. स्वप्न असं की टॅक्सीसारखी जेटं गावोगाव उडतील. आधी निवडलेलं पिटुकलं इंजिन कमी पडलं, ते बदलून प्रॅट अँड व्हिटनीचं घेतलं, त्यात वर्षं गेली, किंमत वाढत गेली, २००६ मध्ये सर्टिफिकेट मिळालं आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, जेमतेम २६० विमानं देऊन. फ्लोरिडातली डेजेट नावाची एअर टॅक्सी कंपनी त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, ती त्याच्या दोन महिने आधीच बसली. माझं स्वतःचं मत असं की टॅक्सी हे गणितच चुकीचं होतं. पायलट धरून सगळ्या सिटा भरल्या की लांब जाता येत नाही, लांब जायचं तर सिटा रिकाम्या, मग भाडं कुणाकडून घेणार? व्हिजन जेटने ते स्वप्न सोडून दिलं आणि फक्त मालक-पायलटला धरलं, म्हणून ते टिकलं. यात मागे बसणारा पाहुणा आहे, गिऱ्हाईक पुढे बसलेला आहे. येताना मी मागे बसलो तेव्हा ते कळलं, इंजिन बरोबर डोक्यावर त्यामुळे पुढच्यापेक्षा आवाज जास्त, हेडफोन लावले तर काही नाही, पण पुढे जी धमाल आहे ती मागे नाही. मागे ती एक छान खिडक्यांची व्हॅन आहे.

प्रवासाचं सांगतो. सकाळी साडेसातला घरातून निघालो, सव्वाआठला गाडी जवळजवळ विमानाच्या पंखापर्यंत, ना लाइन ना बूट काढा ना बाटली फेका. टेनेसीत एका छोट्या एअरपोर्टवर उतरलो, तिथे इंधनाचा टँकर यायला चाळीस मिनिटं, कारण सुट्टीचा दिवस आणि माणूस एकच. आई तेवढ्यात तिथल्या सोफ्यावर डबा उघडून बसली, दशम्या आणि शेंगाची चटणी, आणि काउंटरवरच्या मुलीलाही एक दशमी दिली. एकूण घर ते मावशीचं घर सहा तास. एअरलाइनने शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून थेट गेलो असतो तर उडायचा वेळ आमच्यापेक्षा कमी, पण घर ते घर तेवढेच सहा तास, आणि थँक्सगिव्हिंगच्या गर्दीत जास्तच. म्हणजे वेळ वाचतो का? या अंतराला नाही. तीनशे-चारशे मैलांच्या, थेट फ्लाइट नसलेल्या छोट्या गावाला जायचं असेल तर वाचतो, आणि बक्कळ वाचतो. डॉक्टर दरवर्षी ट्रेनिंगला टेनेसीतच नॉक्सव्हिलला जातात, सिरसचं सेंटर तिथे आहे, सकाळी जाऊन बसतात.

पैसे. जाऊन-येऊन जवळजवळ ४०० गॅलन, म्हणजे नुसतं इंधनच दोन-अडीच हजार डॉलर, सहा तिकिटांच्या आसपास. पण ते दिसणारे पैसे. नवीन विमान तीस लाख डॉलरच्या वर, मग हँगर, इन्शुरन्स, दरवर्षीचं ट्रेनिंग. सिरसचा जेटस्ट्रीम म्हणून प्रोग्रॅम आहे, ठरावीक तासांचे पैसे भरायचे आणि मेंटेनन्स, ट्रेनिंग त्यात येतं, डॉक्टर म्हणतात त्यामुळे निदान झोप लागते. आणि एक खोचक गोष्ट, फ्रान्सचं टीबीएम ९४० नावाचं विमान आहे, पंख्याचं, टर्बोप्रॉप, ते ३३० नॉट्सने जातं. म्हणजे पुढे पंखा लावलेलं विमान या जेटच्या पुढे निघून जातं, आणि लांबही जातं! महाग आहे बरंच, पण लोक जेट का घेतात याचं निम्मं उत्तर तेच, जेट म्हणता येतं म्हणून. डॉक्टरांना हे बोललो तर हसले आणि विषय बदलला.

गावाकडून दोन जणांनी विचारलं आपल्याकडे चालेल का. धावपट्टीचा प्रश्न फार नाही, समुद्रसपाटीला, थंड हवेत पन्नास फुटांचा अडथळा ओलांडायला ३,२०० फूट लागतात, म्हणजे हजार मीटरच्या आत. सिंधुदुर्गातल्या चिपीला अडीच हजार मीटर आहे, म्हणजे अडीचपट. जेटचं इंधन मोठ्या विमानतळांवर मिळतं, उलट माझ्या सेसनाचं अ‍ॅव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, तिकडे शोधत फिरावं लागेल. पण मे महिन्यात नागपुरात ४४ डिग्रीला हाच आकडा फुगतो, आणि मग परत वजनं कापा. पावसाळ्यात ढग पन्नास हजार फुटांपर्यंत जातात, हे ३१,००० वर, वरून जायचा प्रश्नच नाही, वळसा घालायचा आणि वळशाला इंधन. पुण्याचं विमानतळ हवाई दलाचं आणि मुंबईत पार्किंगची मारामार, ते तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. स्वतः उडवणारा हौशी उद्योगपती असेल तर घ्यावं. साहेब मागे बसणार आणि पायलट पगारी, तर याच्या वाटेला जाऊ नका, फिनॉम बघा.

स्टार द्यायचे तर पुढच्या सीटला पाचपैकी पाच, मागच्या सीटला तीन, सात सिटा म्हणतात त्याला दीड.

रविवारी परत निघताना मावशी ऑर्लँडो एक्झिक्युटिव्हपर्यंत सोडायला आली. खलबत्ता उतरला होता म्हणून डॉक्टर खूश, वही काढून नवीन आकडे लिहीतच होते. मावशीने गाडीची डिकी उघडली आणि जाळीची पिशवी काढली, घरामागच्या झाडाची संत्री, वीस पाउंड तरी असतील. आईने ती दोन्ही हातांनी उचलून विमानाच्या पायरीवर ठेवली आणि डॉक्टरांकडे बघितलं.

"ही तीन मिनिटं ना हो?"

डॉक्टरांनी वहीत तीन लिहिलं आणि टँकरवाल्याला हाक मारली.